आधी दिसू दे, मग बटण दे

तुझा मेसेज वाचला. इमॅक्समधून गिट वापरणं फार किचकट जातं, ते सोपं करायचं आणि शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्टही तोच घ्यायचा म्हणतेस. घे ना! लोणावळ्याच्या कॉलेजात बसूनही जगभर वापरल्या जाणाऱ्या एडिटरमध्ये भर घालता येते, त्यासाठी हिंजवडीत नोकरी लागेपर्यंत थांबायचं काहीच कारण नाही. पण तू पाठवलेल्या आराखड्यात नव्या बटणांची रांगच लागली आहे. ती बघून जरा काळजी वाटली, म्हणून सविस्तर लिहितेय.

अगं, गिट वापरणारा माणूस बटण सापडत नाही म्हणून अडत नाही, भीती वाटते म्हणून अडतो. आपण नेमकं काय बदललंय, आता कळ दाबली तर त्यातलं काय जाईल, चुकलं तर मागे येता येईल का, हे त्याला समोर दिसत नाही. २०१७ मधली एक गोष्ट तुला माहीत हवी. व्हीएस कोड नव्यानेच वापरणाऱ्या एकाने गिटच्या पॅनेलमध्ये ‘डिस्कार्ड’ दाबलं आणि कधीच कमिट न केलेल्या त्याच्या फायली थेट डिस्कवरून पुसल्या गेल्या. काही महिन्यांची मेहनत होती ती. इशारा आला होता, पण फायलीच डिलीट होतील हे त्यात स्पष्ट नव्हतं. पुढे त्या इशाऱ्याचे शब्द बदलावे लागले. बटण तर तिथे होतंच, आणि सहज सापडेल असं होतं.

फायलींच्या आवृत्त्या सांभाळणारं इमॅक्सचं जुनं व्हीसी मात्र मोडीत काढू नकोस. एरिक रेमंड यांनी ते १९९२ मध्ये लिहिलं, तेव्हा गिटच्या आधीच्या आरसीएसचा जमाना होता. एक फाइल घ्यायची, तिला कुलूप लावायचं, काम झालं की जमा करायची. पुढची पायरी कोणती हे एडिटर स्वतःच ओळखायचा, त्यामुळे कंट्रोल-एक्स, व्ही, व्ही एवढ्यावर भागायचं. कल्पना आजही सुंदर आहे. पण २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी गिट आणलं. त्यात अख्ख्या प्रकल्पाची नोंद एकदम होते, आणि एकाच फायलीतले दोन बदल दोन वेगळ्या कमिटमध्ये टाकता येतात. एका कळीच्या मागे एवढं सगळं झाकलं गेलं की माणूस गोंधळणारच.

यावर २००८ मध्ये मारिउस फोल्मर यांनी इमॅक्ससाठी मॅगिट लिहिलं. ते उघडून अर्धा तास नुसती बघत बस. बदललेल्या फायलींची यादी येते. एका फायलीवर टॅब दाबलंस की तिच्यातले बदल तिथल्या तिथे उलगडतात, गेलेली ओळ लाल, आलेली हिरवी. त्यातल्या एका तुकड्यावर एस दाबलंस की तेवढाच तुकडा ‘स्टेज्ड’ मथळ्याखाली जातो. काय जाणार आणि काय राहणार, दोन्ही एकाच पडद्यावर. इमॅक्सच्या २९ व्या आवृत्तीत, २०२३ मध्ये, व्हीसीनेही याच दिशेने पाऊल टाकलं. डिफमधून नको ते तुकडे काढायचे आणि उरलेले कमिट करायचे, हे आता तिथेच जमतं. फारच थोड्यांना ते ठाऊक आहे, कारण पडद्यावर तसं सांगणारं काही नाही. बघ, इथेच काम आहे.

आणि कमिट झालं म्हणजे पुश झालं नाही, हेही ठळक दिसू दे. मावळातल्या पावसाची तुला वेगळी ओळख करून द्यायला नको. वीज जाते, नेट जातं, लॅपटॉपवर कमिट मात्र होत राहतं. किती कमिट अजून आपल्याच मशीनवर आहेत हा आकडा सतत डोळ्यांसमोर असला पाहिजे.

आता माझ्या मनातलं खरं सांगते. तुझ्याकडून मला हवंय ते काम देवनागरीचं आहे. तुझ्या गडांच्या माहितीतली ‘लोहगड’ नावाची फाइल टर्मिनलवर गिट स्टेटसमध्ये बघ. नाव दिसतच नाही, दिसतं ‘\३४०\२४४\२६२’ असं काहीतरी. हा एकटा ‘ल’ झाला. यूटीएफ-८ मध्ये आपल्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि ‘कोअर डॉट कोटपाथ’ ही सेटिंग बंद केल्याशिवाय गिट ते असेच आकड्यांत छापतं. मराठी लिहिणाऱ्याला हे कोण सांगणार?

त्याहून त्रासदायक म्हणजे ‘दुसऱ्या’सारखे शब्द. त्यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात खालचा ठिपका असलेलं ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. बहुतेक फॉन्टमध्ये दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. मग डिफमध्ये वर लाल ओळ, खाली हिरवी ओळ, आणि कितीही डोळे फाडून बघितलं तरी फरक काही सापडत नाही! माणसाला वाटतं, आपलंच डोकं फिरलंय. एडिटरला तो फरक कळतो. मग ‘अक्षर तेच, कोड वेगळा’ अशी बारीकशी खूण त्या जागी का नको? ही गरज बाहेरच्याला सुचणार नाही. रोज मराठी टाइप करणारीलाच ती सुचणार.

नमुना तयार झाला की कोडिंगवाल्या मैत्रिणींना दाखवू नकोस. कॉलेजच्या वार्षिकांकाचा मराठी विभाग बघणारी कुणी असेल तिला बसव. तू शेजारी बस आणि तोंड अगदी मिटून ठेव. तिचा हात माउसवर जिथे थबकेल ती जागा वहीत लिहून ठेव. तुझ्या सगळ्या आराखड्यापेक्षा ती वही मोलाची ठरेल.

राहिली कागदपत्रांची बाब. इमॅक्समध्ये साधारण पंधरा ओळींपर्यंतची छोटी दुरुस्ती तशीच स्वीकारतात. त्याहून मोठं काही द्यायचं तर फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनला कॉपीराइटचं हक्कपत्र सही करून द्यावं लागतं. नोकरीला लागलीस की बहुधा कंपनीचंही पत्र आणावं लागेल, आणि ते मिळवताना भलताच वेळ जातो. म्हणून पहिला पॅच छोटा ठेव आणि हक्कपत्राचं काम आत्ताच, विद्यार्थिनी आहेस तोवर उरकून घे.