नादाचा स्पर्श

पाश्चात्त्य अभिजात संगीतात तालवाद्यांची जागा दीर्घकाळ वाद्यवृंदाच्या मागील रांगेत होती. त्या वाद्यांना रंगमंचाच्या अग्रभागी आणून केवळ एकल वादनावर कारकीर्द उभारणाऱ्या कलावंतांत स्कॉटलंडच्या एव्हलिन ग्लेनी अग्रगण्य होत.

त्यांचा जन्म १९६५ साली एका शेतकरी कुटुंबात झाला. आठव्या वर्षापासून त्यांची श्रवणशक्ती क्षीण होऊ लागली. बाराव्या वर्षापर्यंत ती जवळजवळ नाहीशी झाली. संगीत मात्र सुटले नाही. शाळेतील शिक्षक नगाऱ्यासारखे टिंपनी हे वाद्य वाजवीत, तेव्हा त्या भिंतीला हात लावून कंपने अनुभवत. खालचे स्वर पायांना, तर वरचे स्वर चेहरा, मान व छाती यांना जाणवतात, हे त्यांच्या ध्यानी आले. म्हणूनच त्या बहुधा अनवाणी वादन करतात.

कर्णबधिर मुलगी व्यावसायिक वादक कशी होणार, ही शंका दूर सारून त्यांनी लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये शिक्षण घेतले. एकल तालवादनासाठी रचना मोजक्याच होत्या. तेव्हा त्यांनी अनेक संगीतकारांकडून नव्या रचना करवून घेतल्या. १९९२ साली जेम्स मॅकमिलन यांची अशीच एक रचना त्यांनी लंडनमध्ये प्रथम सादर केली. २०१५ साली त्यांना पोलर संगीत पुरस्कार मिळाला.

ऐकणे हे केवळ कानांचे काम नव्हे. सर्वांगाने एकाग्र होणे म्हणजेच ऐकणे, हे त्यांच्या साधनेतून प्रत्ययास येते.

विचार करा : ग्लेनी यांच्या अनवाणी वादनामागील कारण स्वतःच्या शब्दांत लिहा.