आम्ही एकमेकांचं लिहिलेलं भविष्य

सदाशिव पेठेतल्या शाळेतून आम्ही १९८४ साली दहावी झालो. त्या वर्षीच्या वर्गाच्या हस्तलिखितात शेवटची काही पानं ‘सन २००० मधला आमचा वर्ग’ या मथळ्याखाली होती. लेजर पेपरवर कटनिबने लिहिलेली, हिरव्या शाईची चौकट आखलेली, हजेरीपटाच्या क्रमाने. प्रत्येकाच्या नावापुढे एक ओळ: हा काय झालेला असेल, ही कुठे असेल. निरोप समारंभात फिशपाँडच्या आधी ती पानं मोठ्याने वाचली गेली आणि हॉल टाळ्यांनी दणाणला. आता आम्ही साठीला टेकलो आहोत. एकीने ते हस्तलिखित जपून ठेवलं होतं, त्याचे फोटो तिने ग्रुपवर टाकले. त्यावरून जी बोलणी झाली, ज्या गाठीभेटी झाल्या, त्यांतून मला जे समजलं ते लिहिते आहे.

१. सोळाव्या वर्षी डोळ्यांना दिसतं तेवढंच भविष्य सुचतं.

त्या पानांवर डॉक्टर आहेत, वकील आहेत, बँक आणि एलआयसी आहे, टेल्को, बजाज आणि किर्लोस्कर आहेत. पुण्यात तेव्हा हेच दिसायचं. पहाटे कंपनीच्या बसची वाट बघत चौकात उभे असलेले शेजारचे काका म्हणजे ‘नोकरी’. मुलींच्या नावांपुढे शिक्षिका, डॉक्टर, सुगृहिणी आणि ‘लग्न होऊन अमेरिकेत’. मजकूर ठरवणारं संपादक मंडळ मुलांचं होतं, आणि त्यांनीही आपापल्या घरात जे पाहिलं तेच सुचवलं.

खरं तर आमच्यातल्या निम्म्यांचं भविष्य १९८३ सालीच मुंबईत मंत्रालयात ठरलं होतं. वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. त्याच वर्षी कोथरूडला एमआयटी आणि धनकवडीला भारती विद्यापीठाचं इंजिनिअरिंग कॉलेज सुरू झालं. तोवर इंजिनिअर व्हायचं म्हणजे सीओईपी, आणि तिथे लागायचे नव्वदीच्या घरातले मार्क. वर्गातली बेताच्या मार्कांची मुलं वडिलांचा फंड, आईच्या पाटल्या आणि बँकेचं कर्ज यांच्या जोरावर नव्या कॉलेजांत शिरली. १९८८ साली पुण्यात सीडॅक आलं, १९९१ साली तिथे परम महासंगणक उभा राहिला, आणि मुळशी तालुक्यातलं हिंजवडी हे शेतीचं गाव दहा-पंधरा वर्षांत कंपन्यांनी भरून गेलं. ज्याच्या नावापुढे ‘वडिलांचं किराणा दुकान’ लिहिलं होतं, तो सन २००० उजाडताना न्यू जर्सीत बँकांच्या जुन्या प्रोग्रॅममधली वर्षाची दोन आकडी नोंद चार आकडी करत बसला होता. हे असलं काम जगात असेल, हे १९८४ साली त्याला कोणी सांगितलं असतं?

२. पहिल्या नंबराच्या मुलाला ‘वाया गेला’ म्हणू नये.

आमच्या वर्गातला पहिला नंबर ठरलेला होता. त्याच्या नावापुढे ‘सीओईपी, मग अमेरिकेत संशोधन’ असं लिहिलं होतं आणि त्याबद्दल कोणाचंच दुमत नव्हतं. तो बारावीला असताना वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. वडील छापखान्यात कामाला, पाठच्या दोन बहिणी. त्याने सकाळच्या कॉलेजात बी. कॉम. केलं, बँक भरतीची परीक्षा दिली आणि कॅशिअरच्या काउंटरमागे जाऊन बसला. वडील पुढे बरीच वर्षं अंथरुणाला खिळून होते.

वर्गाच्या पहिल्या मेळाव्याला तो आला नाही. नंतर कोणीतरी हळहळत म्हणालं, ‘एवढा हुशार मुलगा, वाया गेला.’ मला ते सहन होत नाही. त्याची एक बहीण आज ससूनमध्ये परिचारिका आहे, दुसरीचं औषधांचं दुकान आहे. तो स्वतः गणिताशी एकनिष्ठ राहिला. श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ साली पुण्यात सुरू केलेल्या भास्कराचार्य प्रतिष्ठानात व्याख्यान असलं की तो बँकेतून थेट तिकडे जायचा, मागच्या रांगेत बसायचा. रविवारी सोसायटीतल्या मुलांना भूमिती शिकवतो. एकदा मी तिथे बसले होते. एका मुलीला प्रमेय येत नव्हतं, तर त्याने पुस्तक मिटलं, तिच्या हातात दोरा आणि दोन टाचण्या दिल्या आणि म्हणाला, ‘तूच वर्तुळ काढ, मग मला सांग काय दिसतं ते.’ पुढचा अर्धा तास तो एक शब्दही बोलला नाही. आम्हाला लाभलेल्या कितीतरी शिक्षकांपेक्षा मला तो मोठा वाटला.

३. माणसाचा हात कशात बसला आहे ते बघावं.

हस्तलिखिताचं सगळं लेखन ज्या मुलीने केलं तिचं अक्षर मोत्यासारखं होतं. वर्गातल्या सगळ्यांची भविष्यं तिनेच लिहिली आणि स्वतःच्या नावापुढे संपादकांनी सांगितलं ते ‘सुगृहिणी’ही त्याच निगुतीने लिहिलं. लग्न लवकर झालं, नारायण पेठेतल्या वाड्यातल्या दोन खोल्यांत संसार सुरू झाला. नव्वदच्या दशकात वर्गातल्याच एका मैत्रिणीच्या भावाने घरी कॉम्प्युटर घेतला. ही दुपारी मूल झोपलं की तिथे जायची आणि श्रीलिपीवर मराठी टाइप करायला शिकायची. श्रीलिपीही पुण्याचीच, मॉड्युलर इन्फोटेकची. खिळ्यांची जुळणी मागे पडत होती आणि अप्पा बळवंत चौकातल्या प्रकाशकांना डीटीपी करणारी माणसं हवी होती. ज्या मुलीला ओळीतलं अंतर, वेलांटीची गोलाई आणि रफाराची जागा डोळ्याने कळते, तिला आणखी काय लागतं? गाइडं, कवितासंग्रह, देवस्थानांचे अहवाल, लग्नपत्रिका, सगळं तिने जुळवलं. त्या कमाईवर कात्रजला फ्लॅट झाला.

तिचं अक्षर आम्ही सगळ्यांनी वाखाणलं होतं. त्या अक्षरातून पोट भरेल असं मात्र तेव्हा कोणाच्याच मनात आलं नाही, कारण हात कशात बसला आहे हे आमच्या लेखी गुणपत्रिकेबाहेरचं होतं.

४. कोणाचं दार उघडं होतं, यावर फार काही ठरतं.

वर दुपारच्या कॉम्प्युटरचं आलंच आहे. याच शहरातली याहून मोठी गोष्ट हुजूरपागेतली आहे. १८८४ साली सुरू झालेली मुलींची ही शाळा पेशव्यांच्या घोड्यांच्या पागेच्या जागेवर आहे. १९०५ साली ब्रह्मदेशात जन्मलेली एक मुलगी सातव्या वर्षी तिथे वसतिगृहात राहायला आली. वडील तिकडे कापसाच्या कंपनीत नोकरीला. मुलीचं नाव तिथल्या नदीवरून ठेवलेलं: इरावती करमरकर. शाळेत तिची गट्टी जमली शकुंतला परांजपेशी. शकुंतलेचे वडील रँग्लर र. पु. परांजपे, फर्ग्युसनचे प्राचार्य. शकुंतलेच्या आईला ही लांबून आलेली मुलगी आवडली आणि त्यांनी तिला घरी आणलं, आपलीच म्हणून वाढवलं. पुस्तकांनी भरलेल्या, वादविवादांनी गाजणाऱ्या त्या घरात इरावतीबाई घडल्या. पुढे बर्लिनला जाऊन डॉक्टरेट, डेक्कन कॉलेजात मानववंशशास्त्र, गावोगावची भटकंती, आणि ‘युगान्त’.

शकुंतलाबाईंचं आयुष्य तर कोणत्याही भविष्यपत्रिकेत मावलं नसतं. केंब्रिजला गणित, जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत काम, रशियन चित्रकाराशी लग्न, १९३७ साली प्रभातच्या ‘कुंकू’त भूमिका, आणि त्यानंतर र. धों. कर्व्यांच्या बरोबरीने संततिनियमनाचं काम. त्या काळात बाईने हा विषय तोंडातून काढणं म्हणजे गावभर बोलणी खाणं. १९६४ ते १९७० त्या राज्यसभेत होत्या. र. धों. हे इरावतीबाईंचे थोरले दीर. म्हणजे एका मैत्रिणीचं सासर आणि दुसरीचं जीवितकार्य एकाच घराशी येऊन मिळालं. त्या दोघी डबा खात बसलेल्या असताना त्यांच्या वर्गातल्या कोणी हे लिहून ठेवलं असतं, तर बाईंनी त्या मुलीला पाठकोऱ्या कागदावर शुद्धलेखन लिहायला बसवलं असतं.

दोघी बुद्धिमान होत्याच. पण दोघींमधली एक समुद्रापलीकडच्या आईवडिलांपासून लांब, एका खाटेची धनीण होती, आणि एका बाईने ‘चल आमच्याकडे’ म्हटलं. त्या माउलीचं नाव फार थोड्या लोकांना ठाऊक असेल.

५. खरं ठरलेलं भविष्यही नीट वाचावं.

‘मंडईत गाळा’ असं ज्याच्यापुढे लिहिलं होतं तो आजही मंडईतच आहे. १८८६ सालच्या त्या अष्टकोनी इमारतीत, जिच्या खर्चाला जोतीराव फुल्यांनी नगरपालिकेत विरोध केला होता आणि जी आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. शाळेत तो रोज पहिल्या तासाला उशिरा यायचा, कारण पहाटेपासून वडिलांच्या हाताखाली असायचा. २०२० साली पेठा सील झाल्या तेव्हा वर्गातली अर्धी मुलं परदेशात आणि त्यांचे आईवडील इथे वाड्यांत, इमारतींत एकेकटे अडकलेले. हा पास काढून, टेम्पो घेऊन दारोदार फिरला. कोणाला मधुमेह, कोणाला मीठ वर्ज्य, कोणाच्या आजींना चावत नाही, हे त्याच्या वहीत लिहिलेलं होतं. आजींसाठी दुधी आणि पडवळ वेगळ्या पिशवीत, वर आजींचं नाव. पैसे घ्यायला तयार नव्हता, मग सगळ्यांनी मिळून ते त्याच्या मुलीच्या फीमध्ये भरले. तेही त्याला न सांगता.

६. जो गेला त्याच्या आईला आपलं वय सांगावं.

आमचा एक जण अकरावीच्या पावसाळ्यात काविळीने गेला. त्याच्यापुढे ‘भारताचा जलदगती गोलंदाज’ असं लिहिलेलं आहे. तो नेहरू स्टेडियमच्या बाहेरच्या मैदानावर संध्याकाळी अंधार पडेपर्यंत बोलिंग टाकायचा.

त्याची आई तुळशीबागेत, लक्ष्मी रोडला भेटायची आणि आम्ही बरीच वर्षं चटकन बाजूला व्हायचो. आपल्याला बघून त्यांना त्रास होईल असं वाटायचं. एकदा त्यांनीच मला गाठलं, हात धरला आणि विचारलं, ‘मुलगा केवढा झाला तुझा?’ मी म्हटलं, यंदा दहावी. त्या म्हणाल्या, ‘म्हणजे त्याचाही तेवढाच असता.’ आणि मग शांतपणे विचारत गेल्या: कोणाचं लग्न झालं, कोणाचे केस पांढरे झाले, कोणाला चष्मा लागला. त्यांचा मुलगा आमच्याकडे बघून त्यांच्यासाठी मोठा होत होता. तेव्हापासून मी जाऊन सगळं सांगते, बढती, मुलांची लग्नं, गुडघेदुखीसुद्धा. हल्ली त्या ऐंशी ओलांडून पुढे आहेत. गेल्या दिवाळीत विचारत होत्या, ‘तुम्ही सगळे रिटायर कधी होताय गं?’

७. दोस्ती टिकेल, असं भविष्य लिहिता येत नाही.

टिळक आणि आगरकर डेक्कन कॉलेजचे सहाध्यायी. सरकारी नोकरी करायची नाही, शाळा काढायची, हे त्यांनी तिथे ठरवलं. आगरकरांनी तर आईला आधीच पत्राने कळवलं होतं की मुलगा मोठ्या पगाराचा होईल ही आशा धरू नकोस. शाळेचं खरं झालं: १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल. पुढे १८८१ साली केसरी आणि मराठा, १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात एकत्र १०१ दिवस. पण ‘आधी राजकीय की आधी सामाजिक’ या वादात ते इतके दुरावतील, १८८८ साली आगरकर ‘सुधारक’ काढतील, हे कॉलेजात शाळेचे बेत करताना कोणाच्या स्वप्नात होतं? आमच्या वर्गातल्या दोन जिवलगांनी भागीदारीत बांधकामाचा धंदा काढला आणि आता ते मेळाव्याला आलटून पालटून येतात. मला दोघंही हवे आहेत. दरवर्षी मी दोघांनाही फोन करते.

८. दहावीच्या मुलांना व्यवसाय विचारू नये.

२०१६ पासून काही वर्षं राज्य मंडळाने दहावीच्या मुलांची कल चाचणी घेतली. ललित कला, वाणिज्य, गणवेशधारी सेवा अशी क्षेत्रं त्यात होती. निदान मार्कांखेरीज मुलात आणखी काही असतं, एवढं तरी तिने मान्य केलं. यंदा माझी भाची दहावीला आहे. त्यांच्या वर्गातही मैत्रिणींबद्दल लिहायचं ठरलं आहे आणि ती विचारायला आली. मी तिला म्हटलं, कोण काय होईल ते राहू दे. कोणाचा हात कशात चालतो, कोण कोणाच्या मदतीला धावतं, कोण कशाला घाबरत नाही, ते लिही. तिने दोन संध्याकाळी बसून लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. एका मैत्रिणीबद्दल लिहिलं आहे: ‘हिला दोन्ही बाजू ऐकून घेता येतात, म्हणून वर्गातली भांडणं हिच्याकडे येतात.’ दुसरीबद्दल: ‘हिला उंचीची भीती वाटत नाही. सिंहगडावर सरांना हिने हात देऊन वर घेतलं.’