बारा दारांची मांडणी

सातारा

चि. मृणाल हिस,


तू पाठवलेलं कोलाज पाहिलं. वाई आणि मेणवलीतली बारा दारं, आडव्या ओळी तीन, एकेका ओळीत चार. फोटो सुटे पाहिले तर छानच आहेत. कॅमेरा दाराच्या अगदी समोर धरलास, चौकट कुठेही कललेली नाही, आणि भिंतीवरचा विजेचा मीटर किंवा दोरीवरचे कपडे टाळायचा प्रयत्न केला नाहीस, हे मला फार आवडलं. पण हे फोटो याच क्रमाने का लावलेस असं फोनवर विचारलं, तेव्हा तू म्हणालीस, ‘‘मामा, सॉफ्टवेअरमध्ये टाकले, ते असेच आले.’’ प्रदर्शनाला अजून अवकाश आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

‘असेच आले’ म्हणजे कसे आले, ते आधी समजून घे. कोलाज करणारे बहुतेक प्रोग्रॅम फोटो फाइलच्या नावाप्रमाणे तरी लावतात, नाहीतर फोटो काढल्याच्या वेळेप्रमाणे. नावाप्रमाणे लावताना पुष्कळ प्रोग्रॅम आकड्याची किंमत बघत नाहीत, एकेक अक्षर ताडून पाहतात. त्यामुळे ‘दार १’च्या मागे ‘दार १०’, ‘दार ११’, ‘दार १२’ येतात आणि त्यानंतर ‘दार २’. तुझ्या कोलाजात नेमकं हेच झालंय. मेणवलीचं सागवानी दार निळ्या ऑइलपेंटच्या दाराशेजारी जाऊन बसलंय ते एवढ्याच कारणाने. आणि मैत्रिणीने व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेल्या चार फोटोंची मूळ नावं वाटेतच गेली, काढल्याची वेळही पुसली गेली. ते चारही शेवटच्या ओळीत एकत्र आलेत, कारण ते एका वेळी तुझ्या फोनवर उतरले आणि त्यांना लागोपाठची नावं मिळाली.

बघणाऱ्याला यातलं काही ठाऊक नसतं. भिंतीवर बारा फोटो चौकोनात दिसले की कुणीतरी विचार करून ते लावले असणार, असं तो धरून चालतो आणि शेजारच्या दोन फोटोंत नातं शोधायला लागतो. तू सांगितलेलं नसलं तरी त्याला काहीतरी ऐकू येणारच. मग ते तू ठरवलेलं असावं.

आम्ही करतो त्या लग्नाच्या अल्बममध्ये हा प्रश्न विधींनीच सोडवलेला असतो. सीमांतपूजन, अंतरपाट, सप्तपदी, गृहप्रवेश. करिज्मा अल्बमची शीट लावताना पानावर फोटो लहानमोठे करता येतात, पण अंतरपाटाच्या आधी सप्तपदी आली तर घरातली आजी पहिल्या पानावर बोट ठेवते. तिथे क्रम काळाचा असतो आणि तो मोडायचा अधिकार फोटोग्राफरला नाही. तुझी दारं मात्र एकामागून एक घडलेली नाहीत. ती सगळी एकाच वेळी उभी आहेत, म्हणून क्रम ठरवण्याचं ओझं पूर्ण तुझ्यावर येतं.

या कामातली दोन मोठी नावं तुला ठाऊक असायला हवीत. पहिलं एडवर्ड मायब्रिजचं. जून १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात पालो आल्टोला, लेलंड स्टॅनफर्डच्या घोड्यांच्या फार्मवर, त्याने धावपट्टीच्या कडेने ओळीत बारा कॅमेरे लावले. घोडा दौडत पुढे गेला की वाटेतल्या तारा ताणल्या जायच्या आणि एकापाठोपाठ एक शटर पडायचं. ते बारा फोटो एका कार्डावर ओळीने छापले तेव्हा लोकांना दिसलं की दौडताना घोड्याचे चारही पाय क्षणभर जमिनीवरून सुटलेले असतात. तेही चित्रकार काढत तसे पुढेमागे ताणलेले नसतात, पोटाखाली गोळा झालेले असतात. सुटा फोटो पाहून कुणीही शंका काढली असती. आधी काय झालं आणि नंतर काय, हे शेजारच्या फोटोंनी दाखवलं.

पण याच मायब्रिजची दुसरी बाजूही बघ. पुढे १८८७ मध्ये त्याने ‘अ‍ॅनिमल लोकोमोशन’ हा ७८१ प्लेटांचा प्रचंड संग्रह काढला. माणसं, प्राणी, पक्षी, चालताना, धावताना, उड्या मारताना. मार्टा ब्राउन या अभ्यासिकेने त्या प्लेटा बारकाईने तपासल्या आणि दाखवून दिलं की त्यातल्या पुष्कळ प्लेटांमध्ये क्रम सलग नाही. कुठे मधला फोटो नाही, कुठे दुसऱ्या वेळी काढलेला फोटो आणून ओळ पूर्ण केलीय. मला मायब्रिज फार मोठा वाटतो, तरी इथे मी त्याची बाजू घेणार नाही. ओळ डोळ्यांना चांगली दिसावी म्हणून फोटो हलवणं हा कलावंताचा हक्क आहे. पण तीच ओळ ‘हे असं घडलं’ म्हणून पुढे ठेवली, तर बघणाऱ्याची फसवणूक होते. हे तुझ्या दारांनाही लागू आहे, ते कसं हे पुढे येतंच.

दुसरं नाव बर्न्ड आणि हिला बेखर या जर्मन जोडप्याचं. १९५९ पासून त्यांनी एकत्र काम सुरू केलं आणि पुढची कित्येक दशकं पाण्याच्या टाक्या, खाणींचे मनोरे, झोतभट्ट्या, गॅसच्या टाक्या यांचे कृष्णधवल फोटो काढत राहिले. आकाश ढगाळ, त्यामुळे सावल्या नाहीत. कॅमेरा समोर आणि शक्य तर वास्तूच्या निम्म्या उंचीवर. माणसं सहसा नाहीत. मग एकाच जातीच्या वास्तूंचे नऊ, बारा, पंधरा फोटो चौकोनात शेजारी शेजारी. एकटी पाण्याची टाकी ही पाण्याची टाकीच दिसते. नऊ एकत्र पाहिल्या की डोळा आपोआप तुलना करू लागतो: हिचे पाय बारीक, तिची टोपी निमुळती, ही काँक्रीटची, ती लोखंडी. व्हेनिसच्या बिनालेत १९९० मध्ये त्यांना बक्षीस मिळालं ते शिल्पकलेचं! फोटोंना शिल्पाचं बक्षीस मिळावं, यात त्या मांडणीचा वाटा किती मोठा असेल याचा विचार कर. बेखरांच्या चौकोनात गोष्ट नसते. कुठूनही सुरुवात करा, कुठेही थांबा. क्रम असतो तो आकाराचा.

आता तुझ्यापुढे हे दोन रस्ते आहेत: गोष्ट सांगणारी ओळ की तुलना करायला लावणारा चौकोन. तू फोनवर म्हणालीस की आता नीट लावते, आधी उघडी दारं, मग अर्धी लोटलेली, शेवटी कुलूपबंद. ऐकायला छान वाटतं आणि म्हणूनच मला त्याची धास्ती वाटते. त्या क्रमाने लावलंस की प्रत्येक जण एकच गोष्ट वाचणार: वाडे नांदत होते, ओस पडत गेले, संपले. ही गोष्ट खरी आहे का? खालच्या ओळीतल्या त्या कुलूपबंद दाराकडे पुन्हा बघ. कुलूप नवं आहे, पितळ अजून चकाकतंय. कोयंड्याला तेल दिलंय, त्याचा ओघळ फळीवर दिसतो. चौकटीवरच्या गणेशपट्टीला शेंदूर ताजा आहे आणि तोरणाची पानं वाळलीत, पण गळलेली नाहीत. म्हणजे सणाला कुणीतरी येऊन गेलंय. ते घर ओस नाही, घरची माणसं बाहेरगावी आहेत. त्याला शेवटच्या कोपऱ्यात बसवलंस तर धडधाकट घराला तू मेलेलं ठरवशील. उलट तुझ्या दुसऱ्या ओळीतल्या उघड्या दाराच्या आत देवडीत विटांचा ढीग आहे आणि वरचं छप्पर गेलंय. ते उघडं आहे कारण लावायला आत काही उरलेलं नाही.

म्हणून माझं मत बेखरांच्या बाजूने पडतं. उघडं-बंद सोड आणि दारांच्या घडणीवरून लाव. तुझ्याकडे मोठ्या दारात लहान दार असलेले दिंडी दरवाजे आहेत, दुपाखी म्हणजे दोन झडपांची साधी दारं आहेत, आणि नंतर बसवलेली एका झडपेची, एकपाखी दारंही. दिंडीची वरच्या ओळीत, दुपाखी मधे, एकपाखी खाली, असं करून बघ. एका ओळीत एकाच जातीची चार दारं आली की लोक खिळे मोजतील, कड्या बघतील, कुठल्या चौकटीवर कमळ कोरलंय आणि कुठल्या चौकटीवर नुसती रंधा मारलेली फळी आहे, ते पाहतील. तेच तर तुला दाखवायचं होतं ना?

मेणवलीचा नाना फडणवीसांच्या वाड्याचा दरवाजा मधोमध ठेवू नकोस. तो सगळ्यांच्या ओळखीचा आहे. मधे आला की बाकीची अकरा दारं त्याच्या दारात उभ्या असलेल्या पाहुण्यांसारखी दिसतील. वरच्या ओळीत दुसरा किंवा तिसरा असू दे, शेजाऱ्यांच्या बरोबरीने.

मांडणी पडद्यावर करू नकोस. बाराही फोटोंच्या चार बाय सहाच्या साध्या प्रिंट काढून आण, खर्च अगदी थोडा येतो. सतरंजीवर पसर आणि उभी राहून बघ. पडद्यावर एका वेळी एक जागा बदलते. जमिनीवर दोन्ही हातांनी चार फोटो उचलता येतात, आणि हात चालायला लागले की डोक्याला न सुचलेलं दिसतं. मांडणी पटली की फोनवर तिचा फोटो काढ, मग मोडून दुसरी कर. मधे एक रात्र जाऊ दे. एकदा डोळे किलकिले करून बघ: सगळ्यांत उजळ फोटो कुठे आहे ते लगेच कळेल, नजर आधी तिथेच जाणार आहे. तुझ्या फोटोंत चुनेगच्ची पांढऱ्या भिंती दोन आहेत, त्या एकमेकींपासून लांब ठेव. सावल्यांकडेही बघ. सकाळी काढलेल्या फोटोंत चौकटीची सावली डावीकडे पडलीय आणि संध्याकाळच्या फोटोंत उजवीकडे. असे दोन अगदी शेजारी आले तर दोन्ही भिंती एकमेकींकडे कललेल्या वाटतात.

आणि उंबरठा. तुझ्या वरच्या ओळीत प्रत्येक उंबरठा वेगळ्या उंचीवर आहे, त्यामुळे नजर ओळीतून सरळ जात नाही, अडखळते. सगळे फोटो असे कापून घे की उंबरठ्याची रेषा प्रत्येकात खालून सारख्याच अंतरावर येईल. फक्त एवढं केलंस तरी निम्मं काम झालं. अशा मांडणीत सगळी दारं फोटोत सारख्या मापाची दिसतील, मोठा दरवाजा आणि साधं दार एकाच आकाराचं. बेखरही तसंच करत. पण मग खऱ्या मापाचा पत्ता लागत नाही, म्हणून पुढच्या फेरीत टेप घेऊन जा आणि प्रत्येक दाराची रुंदी मोजून आण, खाली बारीक अक्षरात दे.

क्रम पक्का झाला की फाइलींना नावं दे, शून्य लावून आणि दहादहाच्या अंतराने: ०१०, ०२०, ०३०, शेवटचं १२०. शून्यामुळे क्रम मोडत नाही, आणि मधे एखादं दार घालायचं झालं तर ०२५ ला जागा राहते, बाकीची नावं बदलावी लागत नाहीत. मूळ फाइलींना हात लावू नकोस, वेगळ्या फोल्डरमध्ये प्रती करून त्यांची नावं बदल. इमेजमॅजिकसारखा प्रोग्रॅम वापरणार असशील तर त्याला फाइलनावांची यादीच देता येते. तो यादीच्या क्रमाने डावीकडून उजवीकडे भरत जातो, ओळ संपली की खाली येतो. यादीतल्या दोन ओळींची अदलाबदल केली की कोलाज बदलतं. उभे काढलेले फोटो काही वेळा आडवे पडलेले येतात, कारण कॅमेरा फोटो फिरवत नाही, नुसती ‘हा उभा आहे’ अशी नोंद ठेवतो, आणि काही प्रोग्रॅम ती नोंद वाचत नाहीत. आधीच फिरवून सेव्ह कर.

मैत्रिणीकडून ते चार फोटो पुन्हा मागव, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांग, किंवा सरळ पेनड्राइव्हवर घे. तुझा एकेक फोटो छापून सहा बाय नऊ इंचांचा होणार. इंचाला ३०० पिक्सेल धरले तर १८०० बाय २७०० लागतात. व्हॉट्सअ‍ॅपने साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो बहुतेक वेळा लांब बाजूने १६०० पिक्सेलच्या आसपासच राहतो. फोनवर फरक कळत नाही, पण २४ बाय २७ इंचांच्या छपाईत ते चार मऊ पडतील आणि शेजारच्या फोटोंतले खिळे टोकदार दिसतील. दोन फोटोंमधली पांढरी जागा सगळीकडे सारखी ठेव, पाव इंच पुरे. तेवढा कागद मापात वाढवून घे. जागा फार रुंद झाली की प्रत्येक दार सुटं पडतं, फार अरुंद झाली की बारा दारांची नुसती नक्षी होते.

खाली एक ओळ अवश्य लिही: दारं घडणीनुसार लावली आहेत, गावानुसार किंवा काळानुसार नाही. कुठलं दार कुठल्या आळीतलं, त्याची यादी शेजारी लाव. आणि त्या कुलूपबंद घराच्या शेजारच्या काकूंना भेट, मालकांचा फोन नंबर मिळतो का बघ. दाराचा फोटो प्रदर्शनात लावतेय एवढं त्यांना कळवायला हवं. त्यांचा होकार आला तरच १२० पर्यंत जा, नाहीतर अकरा दारांची मांडणी आपण दोघं बसून करू.

तुझा,
मामा