चार बोटं, एक वीत

माईक घ्यायला निघालायस, पण दुकानाच्या आधी स्वतःची खोली बघ. आपल्याकडं बहुतेक घरांत खाली शहाबादी फरशी, वर स्लॅब नाहीतर पत्रा, भिंतींना गुळगुळीत सिमेंट. मधोमध उभा राहून एक टाळी वाजव. टाळीमागं किणकिण राहिली, तर तीच किणकिण तुझ्या प्रत्येक अभंगामागं येणार, माईक कितीही महागाचा असू दे. तेव्हा फरशीवर जमखाना अंथर आणि गाणाऱ्याच्या पाठीमागं दोरीवर दोन जाड गोधड्या टांग. पाठीमागंच का? माईकचं तोंड गाणाऱ्याकडं असतं, म्हणजे त्याच्या मागच्या भिंतीकडंही असतं. लोक माईकच्या मागची भिंत झाकतात आणि खरी भिंत उघडी ठेवतात.

आता माईक. दुकानदार तुला आधी मोठा कंडेन्सर दाखवील, कारण तो दिसायला स्टुडिओचा वाटतो. वाईट नसतो तो. पण थोडं अंतर ठेवून वापरायचा असतो, आणि अंतर आलं की खोली आली, पंखा आला, शेजारच्या बोअरची मोटार आली. डायनॅमिक माईक तोंडापासून चार बोटांवर धरता येतो. अंतर निम्मं केलंस की गाणाऱ्याचा आवाज माईकमध्ये ६ डेसिबलनं वाढतो आणि खोलीचा गोंगाट आहे तेवढाच राहतो. कमी पैशात याहून मोठा फायदा नाही. म्हणून पहिला माईक डायनॅमिकच घे, यावर मी ठाम आहे.

त्यातही शुअरचा एसएम ५७. १९६५ साली आला, पुढच्या वर्षी त्याचा भाऊ एसएम ५८. ‘एसएम’ म्हणजे स्टुडिओ मायक्रोफोनच. दोघे स्टेजवर गाजले ते नंतर. आतला मूळ घाट दोघांचा एकच, ५८ ला वर जाळीचा गोळा आहे, ५७ ला नाही. ५७ वर फोमची टोपी चढवली की तो आवाजालाही चालतो, वाद्याला तर चालतोच. डायनॅमिकवर खरं रेकॉर्डिंग होत नाही असं कुणी म्हणालं तर सांग, मायकल जॅक्सनचा ‘थ्रिलर’ (१९८२) बराचसा याच घराण्यातल्या एसएम ७ वर गायलेला आहे. ५७ परवडत नसेल तर बेरिंजरचा एक्सएम ८५०० घे. त्यात वरचे स्वर थोडे कमी खुलतात, पण भजनाचं काम अडत नाही.

एकच माईक सगळ्याला चालला पाहिजे, हे आपल्या पट्ट्यात जास्त खरं आहे. बसवकल्याणला वचन, भालकी-औरादकडं वारकरी भजन, गुलबर्ग्यात कव्वाली, आणि हुमनाबादजवळ माणिकनगरला तर संत माणिकप्रभूंची (१८१७–१८६५) पदंच मराठी, कानडी, हिंदी, उर्दूत. तुझ्या खोलीत आज संबळ येईल, उद्या हार्मोनियम.

घेताना बिल घे. ५८ च्या नकला बाजारात ढीगभर आहेत. अस्सल ५८ जवळपास ३०० ग्रॅम भरतो. हातात हलका लागला, नाहीतर भाव फारच पडलेला दिसला, तर ठेवून दे आणि निघ. अधिकृत विक्रेत्याकडं चार पैसे जास्त गेले तरी चालतील. यूएसबी माईकच्या नादी लागू नको. दुसरा माईक जोडायची वेळ आली की तो तिथंच अडतो. माईक लॅपटॉपला जोडणारा इंटरफेस पहिल्यापासून दोन माईकचा आणि पुढं कंडेन्सरला लागणारी ४८ व्होल्टची फँटम पॉवर देणारा घे. डायनॅमिकला गेन जास्त लागतो, त्यामुळं गेन वर नेल्यावर सूं-सूं किती येते ते दुकानातच हेडफोन लावून ऐक. वायर आणि स्टँडमध्ये काटकसर करू नको. खोलीत गुणगुण आली तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघ, मग अर्थिंग तपास.

ठेवायचा कुठं, हे मात्र नीट ऐक. गाणाऱ्याला ‘पांडुरंग’ म्हणायला लाव. ‘प’चा वारा माईकवर धप्पकन आदळतो. ‘भ’ आणि ‘फ’चंही तसंच. माईक तोंडासमोर सरळ धरू नको, ओठाच्या कोपऱ्याकडून तिरका धर. चार बोटांवर आवाज भरदार होतो, एका वितीवर मोकळा. बारीक आवाजाच्या माणसाला जवळ घे, खर्जातल्याला वीतभर लांब. हार्मोनियमला भात्याकडून नको, फडफड येते. पट्ट्यांच्या बाजूनं, हातभर वरून. पखवाजाला एकच माईक असेल तर मधोमध समोर, दीड हातावर, थोडा धुमाकडं वळवून. टाळकऱ्यांना माईकच्या पाठीशी बसव. ५७-५८ सारखा कार्डिऑइड माईक मागून सगळ्यात कमी ऐकतो, आणि टाळ तिथं बसले तरी कमी पडत नाहीत. पंखा बंद करणं शक्यच नसेल, तर त्यालाही त्याच बाजूला ठेव.

दुसऱ्या माईकला घाई नको. कंडेन्सर एकतारीला, तंबोऱ्याला लागतो, तेव्हा घे. ऑडिओ टेक्निकाच्या एटी २०२० चा स्वतःचा गोंगाट २० डेसिबल, रोडच्या एनटी१-ए चा ५. हा फरक मोठा आहे, पण खोली तेवढी शांत असेल तरच ऐकू येतो, आणि दिवसा आपल्याकडं तशी खोली नाही. पहाटेला रेकॉर्डिंग करत असशील तर जास्तीचे पैसे घाल, नाहीतर २०२० पुरे. पावसाळ्यात कंडेन्सर सिलिका जेलच्या पुड्या घालून डब्यात ठेव. वर फुंकर कधी मारू नको, वाफ आत बसते.

जात्यावरच्या ओव्या घ्यायला कुणाच्या घरी गेलास, तर जातं आधी वेगळं रेकॉर्ड कर, मग जातं थांबवून आजीला नुसतं म्हणायला सांग. ताल सुटला म्हणून ती अडली, तर पुन्हा दळू दे. मग माईक तिच्या गळ्याच्या बाजूनं, वितीच्या आत, आणि त्याची पाठ जात्याकडं. सुरुवातीला तिचं नाव, गाव, तारीख तिच्याच तोंडून घे, आणि हे दुसऱ्यांना ऐकवलं तर चालेल का, तेही तिलाच विचार. एक कॉपी लॅपटॉपवर, एक वेगळ्या डिस्कवर, आणि तिसरी त्याच आठवड्यात तिच्या घरी पोचव.