किवीचा वेल आणि आपली कर्टोली



हल्ली गटाच्या मीटिंगमध्ये एक प्रश्न फिरून येतो. किवीची रोपं घ्यायला अंतर्गत कर्ज मिळेल का? बाजारात किवी नगावर विकतात, ताप आला की लोक शोधत फिरतात. मोह होणारच. रोपं विकणारा म्हणतो, "नाशिकला द्राक्षं होतात, मग तुमच्याकडे किवी का नाही होणार?"

इथेच मेख आहे. नाशिकला द्राक्षाची वर्षातून दोनदा छाटणी करतात, एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये. छाटणीने वेल फुटते. किवीला मात्र खरी कडक थंडी लागते. हेवर्ड ही तिची सगळ्यात चालणारी जात. तिला हिवाळ्यात साधारण ७०० ते ८०० तास ७ अंशांच्या खाली पारा हवा. आपल्या अलिबाग-मुरुडला जानेवारीच्या रात्रीही तो सहसा १५ च्या वरच असतो. भारतात किवी पहिल्यांदा बंगळूरच्या लालबागेत लावली, पण थंडी कमी पडली म्हणून फळ धरलं नाही. पुढे ती हिमाचलात आणि अरुणाचलात रुजली. तिथेसुद्धा फळाला तीन-चार वर्षं लागतात. म्हणजे आपल्याकडे फळ नाही हे कळेपर्यंत विकणारा कुठल्या कुठे गेलेला असेल, आणि हप्ते मात्र आपल्यालाच भरायचे! माझं मत विचाराल तर किवीसाठी कर्ज घेऊ नका.

पण किवीची एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. तिच्यात नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळी. आपल्या कर्टोलीचंही (कुणी कंटोली म्हणतं) तसंच आहे. "वेल एवढा माजला, पण एक कर्टोलं नाही," असं म्हणता ना? तो बहुधा नर असतो, किंवा मादी एकटी पडलेली असते.

ओळख फुलावर होते. पिवळ्या फुलाच्या मागे बारीक काटेरी गाठ दिसली तर मादी, नुसता देठ असेल तर नर. बियांतून निम्मे-अर्धे नर निघतात आणि फूल येईपर्यंत कळत नाही, म्हणून लागवड कंदाचीच करा. या पावसात फुलं आली की नर वेलीला लाल चिंधी बांधून ठेवा, नंतर कंद काढताना घोळ होत नाही.

दोन बाय दोन मीटरवर लावले तर एका गुंठ्यात पंचवीस वेल बसतात. त्यात नर दोन-तीन पुरेत, पण विखरून लावा. कंद मेअखेर किंवा पहिल्या पावसाला लावायचे. आपल्याकडे पाऊस धो-धो, पाणी साचलं की कंद कुजतो. त्यामुळे भातखाचरात नको, वरकस उताराची जागा किंवा उंच वाफा घ्या. मांडव बांबूचा चालतो, कुंपणावर चढवला तरी चालेल.

फुलं बहुतेक संध्याकाळी उमलतात. तेव्हा नर फूल तोडून मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवायचं. पाच मिनिटांचं काम आहे, पोरंही हौसेने करतात. फळ हिरवं, कोवळं असतानाच तोडा. बी टणक झालं की गिऱ्हाईक हात लावत नाही.

पावसाळा सरला की वेल वाळतो, पण कंद जमिनीत जिवंत असतो आणि पुढच्या पावसात पुन्हा फुटतो. तो उपटू नका. आणि रानातून कंद आणायचे तर थोडेच आणा. आपल्या कातकरी आणि ठाकूर बायांची पावसाळ्यातली कमाई त्याच वेलींवर असते.