भूतलेणे

पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सह्याद्रीच्या कुशीत ओतूर नावाचे गाव आहे. माळशेज घाट चढून पूर्वेकडे अहिल्यानगरच्या दिशेने निघालेल्या प्रवाशाला ते वाटेतच लागते. गावाजवळून मांडवी नदी वाहते. काठावर हिरवी शेते आहेत, आणि कांद्याच्या बाजारासाठी गावाचे नाव दूरवर ठाऊक आहे. जुन्नर तालुक्यातील हे गाव जुने आहे. म्हणून येथे देवळे आहेत, समाधी आहे आणि पिढ्यान्पिढ्या चालत आलेल्या कथाही आहेत.

मांडवीच्या तीरावर कपर्दिकेश्वराचे देऊळ आहे. श्रावणातील सोमवारी येथे मोठी यात्रा भरते. त्या दिवशी गाभाऱ्यात तांदळाच्या पिंडी उभारतात. तांदूळ शिजवलेले नसतात, भिजवलेलेही नसतात. कोरडे दाणेच कसबी हातांनी एकावर एक रचून त्यांना आकार दिलेला असतो. प्रथमच पाहणाऱ्याला हा चमत्कार वाटतो. दाणे घसरत कसे नाहीत, पिंडी ढासळत कशी नाही, असे कोडे त्याला पडते. परंतु धीराने उभे राहून नीट पाहिले, म्हणजे ध्यानात येते की, या चमत्कारामागे वर्षानुवर्षांचा सराव आणि स्थिर हात आहे. हे कळले म्हणून पिंडीची शोभा कमी होत नाही. उलट, ती घडविणाऱ्यांविषयीचा आदर वाढतो.

याच परिसरात बाबाजी चैतन्यांची समाधी आहे. संत तुकारामांनी आपल्या गुरूंचे नाव बाबाजी असे सांगितले आहे. त्यामुळे वारकरी या समाधीपुढे मोठ्या भक्तीने मस्तक नमवतात.

ओतूरला आलेली कुटुंबे सहसा एवढ्यावर थांबत नाहीत. आजी-आजोबा, आईवडील आणि मुले अशी सारी मंडळी जुन्नरकडे वळतात. जुन्नरच्या पश्चिमेला शिवनेरी किल्ला आहे. १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवाजी महाराजांचा जन्म येथेच झाला. उत्तरेला लेण्याद्रीचा डोंगर आहे. तेथे अष्टविनायकांपैकी गिरिजात्मज गणपती एका प्राचीन बौद्ध विहारात विराजमान आहे. या विहारात एवढा मोठा सभामंडप असून मध्ये एकही खांब नाही, हे पाहून मोठी माणसेही थक्क होतात. जुन्नरच्या भोवतालच्या डोंगरांत मिळून दोनशेच्या आसपास लेणी कोरलेली आहेत.

या डोंगरांपैकी एकाचे नाव मात्र ऐकताच लहान मुले आईचा हात घट्ट धरतात. जुन्नरच्या दक्षिणेला असलेला हा डोंगर म्हणजे मानमोडी, आणि त्याच्या कुशीतील एका लेणीसमूहाचे नाव आहे भूतलेणे!

मान मोडणारा डोंगर आणि त्यात भुतांचे लेणे! नावे अशी असल्यावर आणखी काय हवे? अशा जागी पाऊल टाकताना भीती वाटावी, असे बरेच काही तेथे असतेही. आत अंधार असतो. पाकोळ्यांचे पंख फडफडतात. शब्द उच्चारावा, तर तोच दगडावरून परत येतो. पाण्याची टाकी काळोखात गार पडलेली असतात. भिंतीवर कसलीशी अनोळखी अक्षरे दिसतात. ज्याला यातील एकाही गोष्टीचे कारण ठाऊक नाही, त्याच्या मनाने भूत निर्माण केले, तर त्यात नवल ते काय?

आता तेच लेणे दिवसाउजेडी, शांतपणे पाहावे. दर्शनी भागावर पिंपळपानासारखी मोठी कमान आहे. तिच्या अर्धगोलात कमळाच्या पाकळ्यांसारखे कप्पे कोरले असून मधोमध लक्ष्मी उभी आहे. दोन हत्ती तिच्यावर पाणी घालीत आहेत. शेजारच्या कप्प्यांत हात जोडलेले भक्त आहेत. आतले काम अपुरे राहिले आहे. कारागीर छिन्नी ठेवून नुकताच उठून गेला असावा, असे वाटते. या साऱ्यात भुताचा मागमूसही नाही. आहे ती समृद्धीची देवता आणि माणसांच्या हातांची कला.

आणि ती अनोळखी अक्षरे? ती ब्राह्मी लिपीतील आहेत. एके काळी ही लिपी साऱ्या देशात चालत असे. पुढे अक्षरांची वळणे पालटत गेली, आणि कित्येक शतकांनी अशी वेळ आली की, जुने लेख वाचू शकणारा एकही माणूस उरला नाही. जे वाचता येत नाही, त्याच्याभोवती तर्कवितर्क गोळा होतात. कोणी त्या अक्षरांत गुप्तधनाचा ठाव शोधतो, तर कोणी त्यांना मंत्र समजतो.

१८३७ साली जेम्स प्रिन्सेप या विद्वानाने ब्राह्मी लिपी उलगडली. त्यानंतर जुनागढचे भगवानलाल इंद्रजी यांनी पश्चिम भारतातील लेणी पायी हिंडून पाहिली. शाळकरी वयातच गिरनारच्या शिलालेखाने त्यांना वेड लावले होते. त्यांनी लेखांचे ठसे घेतले, एकेक अक्षर पारखले, आणि १८८१ साली जेम्स बर्जेस यांच्या जोडीने ते लेख प्रसिद्ध केले. जुन्नरचे मुके दगड बोलू लागले.

ते काय बोलले? भूतलेण्याच्या दर्शनी भागावरचा लेख सांगतो की, हे काम चंद नावाच्या एका यवनाचे दान आहे. यवन म्हणजे ग्रीक. दूरदेशीच्या रक्ताचा हा माणूस या डोंगरात आला, येथल्या धर्मावर त्याची श्रद्धा बसली आणि त्याने दान दिले. मानमोडीतील दुसऱ्या एका लेखात महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने ४६ या वर्षी मंडप व पाण्याचे टाके दिल्याची नोंद आहे. जुन्नरच्या इतर लेखांत धान्याच्या व्यापाऱ्यांच्या संघाने सात खोल्यांचे लेणे दिल्याचे आढळते. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या संघांकडे दानाची ठेव ठेवल्याचे कळते. करंजाची झाडे लावण्यासाठी कोणी शेताचे उत्पन्न लावून दिले, हेही समजते. ज्या अक्षरांना माणसे भीत होती, त्या निघाल्या साध्यासुध्या दानपावत्या!

आणखी एक मौज आहे. शिलालेखात या डोंगराचे नाव 'मानमुकुड' असे आले आहे. सुमारे दोन हजार वर्षे लोकांच्या तोंडी घोळत घोळत त्याचे 'मानमोडी' झाले. मूळ नावात कोणाची मान मोडण्याचा विषयच नव्हता. नाव बदलले, आणि बदललेल्या नावाने भीती जन्माला घातली.

भूतलेण्यातील भीती एका दिव्याने नाहीशी होते. त्या भीतीने फार तर एखादे मूल रात्री दचकून उठेल. परंतु हीच भीती जेव्हा लेणे सोडून एखाद्या माणसाकडे बोट दाखवू लागते, तेव्हा तिचे रूप भयंकर होते. गावात साथ येते, गुरे मरतात, मूल आजारी पडते. कारण कळत नाही. मग कोणी तरी म्हणते, "ही अमकीची करणी आहे. ती चेटकीण आहे." असे बोट बहुधा एकट्या, गरीब किंवा म्हाताऱ्या बाईकडेच वळते. कारण, तिच्या बाजूने बोलणारे कोणी नसते.

अशी एक खरी घटना अमेरिकेतील सेलम या गावी घडली. १६९२ सालच्या आरंभी तेथील धर्मोपदेशकाच्या घरातील दोन मुली विचित्र वागू लागल्या. एक नऊ वर्षांची होती, दुसरी अकरा वर्षांची. त्या किंचाळत, अंग वेडेवाकडे करीत. वैद्याला कारण सापडले नाही, तेव्हा हे चेटूक आहे असे ठरले. "तुम्हांला कोण छळते?" असे मोठी माणसे मुलींना पुनःपुन्हा विचारू लागली. मुलींनी नावे सांगितली. बारा वर्षांची ॲन पुटनम हीसुद्धा त्यांत सामील झाली आणि तिने अनेकांची नावे घेतली. पाहता पाहता तुरुंग भरले. मुलींना दिसणाऱ्या छाया न्यायालयाने पुरावा म्हणून मानल्या. त्या वर्षात एकोणीस निरपराध माणसांना फाशी देण्यात आली. त्यांत चौदा स्त्रिया होत्या. उत्तर देण्यास नकार देणाऱ्या एका वृद्धाला दगडांच्या भाराखाली चिरडण्यात आले. काही जण तुरुंगातच मरण पावले.

भीती ओसरली, तेव्हा गावाला आपले कृत्य दिसले. १६९७ साली तेथील राज्याने पश्चात्तापासाठी उपवासाचा दिवस पाळला. न्यायासनावर बसलेल्यांपैकी सॅम्युएल स्यूअल यांनी भर प्रार्थनामंदिरात उभे राहून आपला दोष कबूल केला. १७०६ साली ॲन पुटनमनेही सर्वांसमक्ष क्षमा मागितली. ती तेव्हा मोठी झाली होती. पण गेलेली माणसे क्षमेने परत येत नाहीत.

आज सेलमला असंख्य कुटुंबे सहलीला जातात. चेटकिणींचे मुखवटे, टोकदार टोप्या आणि खेळ यांत मुले रमतात. त्याच गावात १९९२ साली उभारलेले एक साधे स्मारक आहे. भिंतीतून पुढे आलेल्या दगडी बैठकांवर त्या वीस बळींची नावे आणि त्यांच्या मृत्यूच्या तारखा कोरल्या आहेत. मुखवटे पाहून आलेली मुले तेथे नावे वाचतात, तेव्हा त्यांना कळते की, सेलमला चेटकीण एकही नव्हती. होती ती तुमच्याआमच्या घरांतल्यासारखी माणसे.

या कथेचा शेवटचा भाग फार अलीकडचा आहे. एलिझाबेथ जॉन्सन या तरुणीला त्याच वेळी दोषी ठरविण्यात आले होते. तिचा जीव वाचला, परंतु तिच्या नावावरचा डाग तसाच राहिला. नॉर्थ अँडोव्हर येथील आठवीच्या विद्यार्थ्यांना शाळेत हा विषय शिकताना ही गोष्ट समजली. त्यांनी कागदपत्रे अभ्यासली, लोकप्रतिनिधींना पत्रे लिहिली, आणि अखेर २०२२ साली विधिमंडळाने तिला कायद्याने निर्दोष ठरविले. त्या अनर्थाचा आरंभ मुलांच्या शब्दांनी झाला होता; तीनशे तीस वर्षांनी शेवटचा डाग पुसण्यासाठीही मुलांचेच शब्द कामी आले.

ही गोष्ट सातासमुद्रांपलीकडची म्हणून सोडून देता येत नाही. आपल्या महाराष्ट्रातही स्त्रियांना डाकीण ठरवून मारहाण केल्याच्या आणि गावाबाहेर काढल्याच्या घटना घडल्या आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी अशा अंधश्रद्धांविरुद्ध अनेक वर्षे लोकजागृती केली आणि कायद्याची मागणी लावून धरली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. एखाद्या व्यक्तीवर करणी किंवा चेटूक केल्याचा आळ घेऊन तिचा छळ करणे हा आता गुन्हा आहे.

परंतु कायदा आळ घेतल्यानंतर धावून येतो. आळ घेण्यापूर्वीच थांबायला माणसाची स्वतःची बुद्धी जागी असावी लागते. "हे कोणी पाहिले? याचा पुरावा काय? दुसरे कारण असू शकेल का?" हे तीन प्रश्न विचारायला फार मोठी विद्वत्ता लागत नाही. आठवीतल्या मुलांना जे साधले, ते कोणालाही साधेल.

म्हणून ओतूर-जुन्नरची सहल करताना भूतलेणे अवश्य पाहावे. वडीलधाऱ्यांबरोबर जावे, दिवसा जावे, जवळ विजेरी ठेवावी. कड्यांना आग्या मधमाश्यांची पोळी असतात. म्हणून आरडाओरडा करू नये आणि धूरही करू नये. भूत काही करणार नाही, पण माश्या खरोखरीच चावतात! भिंतींवर आपली नावे खरडू नयेत. चंद यवनाने आणि धान्याच्या व्यापाऱ्यांनी आपली नावे दान देऊन कोरली होती. त्या अक्षरांसमोर क्षणभर उभे राहावे, आणि ज्यांनी ती वाचण्याचे कष्ट घेतले, त्यांची आठवण करावी.

स्वाध्याय

१. कपर्दिकेश्वराच्या देवळातील तांदळाच्या पिंडी पाहून आदर का वाढतो?
२. मानमोडी डोंगराच्या नावाविषयी शिलालेखातून काय कळते?
३. 'त्या निघाल्या साध्यासुध्या दानपावत्या!' हे वाक्य पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
४. सेलम येथे मोठ्या माणसांचे कोठे चुकले, असे तुम्हांला वाटते?
५. तुमच्या गावातील एखाद्या ठिकाणाच्या नावामागची कथा वडीलधाऱ्यांना विचारा. तिच्यातील खरे किती आणि ऐकीव किती, हे शोधून दहा ओळी लिहा.