वेलदोड्याच्या गावाला जायला किती लागतात?

श्रीखंडात घालायचा वेलदोडा जिथून येतो, ते गाव पाहायचं तर केरळच्या इडुक्की जिल्ह्यात कुमळीला जायचं. तमिळनाडूच्या हद्दीला टेकलेलं हे डोंगरातलं छोटं गाव आहे. शेजारी पेरियार व्याघ्र प्रकल्प आणि भोवती वेलदोड्याचे, मिऱ्याचे मळे. इथे राहणं-खाणं स्वस्त आहे. खिसा हलका होतो तो परतीच्या पिशवीमुळे. खालचे आकडे अंदाजे आहेत. नाताळच्या आणि लांबलेल्या सुट्ट्यांच्या दिवसांत ते सहज दीडपट होतात.

जाणं

कुमळीला रेल्वे नाही. मुंबईहून कोकण रेल्वेमार्गे नेत्रावती एक्सप्रेसने एर्नाकुलमला उतरायचं. जवळजवळ पूर्ण दिवसाचा प्रवास. स्लीपरला माणशी ७०० रुपयांच्या आसपास, थर्ड एसीला १,८०० ते १,९००. पुढे एसटीसारखी सरकारी बस : पाच-सहा तास आणि २०० रुपयांच्या आसपास तिकीट. घाटात पोटात ढवळत असेल तर पुढची जागा धरा. विमानाने कोचीला उतरलात, तर प्रवासात वाचलेला वेळ टॅक्सीच्या चार-पाच हजारांनी भरून द्यावा लागतो.

राहणं, खाणं

साध्या, स्वच्छ होमस्टेमध्ये दोघांची खोली १,२०० ते २,००० रुपयांत मिळते. सप्टेंबर २०२५पासून रोजच्या साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे. बिलात जुने १२ टक्के दिसले तर विचारा. जीएसटी नोंदणीच नसलेल्या घरमालकाला तो आकारता येत नाही. केळीच्या पानावरचं जेवण शंभर-दीडशेत होतं. दिवसाला माणशी ५०० रुपये भरपूर झाले.

पाहणं

पेरियारच्या तलावातली बोटफेरी अडीचशे-तीनशेच्या घरात, जंगलाचं प्रवेश तिकीट वेगळं. सकाळची पहिली फेरी साडेसातची. प्राणी दिसण्याची आशा तेव्हाच जास्त. वाटाड्याबरोबरची पायी फेरी महाग पडते, पण पैसे योग्य ठिकाणी जातात : रानदालचिनीची साल चोरून विकणाऱ्यांचीच वन विभागाने इथे समिती केली आणि ते वाटाडे झाले. पावसाळ्यात जळवा असतात, मोजे घालून जा.

मसाल्याच्या बागेची तासाभराची फेरी १५० ते २०० रुपयांना. तिथे पानांत वेलदोडे शोधू नका. ते लागतात बुंध्याशी, जमिनीवर लोळणाऱ्या तुऱ्यांना. एकेक बोंड वाकून खुडावं लागतं, आणि पाच-सहा किलो ओली बोंडं भट्टीत वाळवली की हाती किलोभर माल येतो. महागाईचं कारण तिथेच समजतं.

खरेदी : इथे डोकं शांत ठेवा

बागेची फेरी बहुधा दुकानाच्या दारात संपते. रिक्षावाल्याने आग्रहाने नेलेल्या दुकानात त्याचं कमिशन तुमच्याच बिलात असतं. वेलदोड्याचा भावही चंचल. २०१९मध्ये लिलावात किलोला ७,००० रुपयांपर्यंत गेला आणि नंतरच्या दोन-तीन वर्षांत हजाराच्या आत आला. म्हणून निघण्यापूर्वी स्पायसेस बोर्डाच्या संकेतस्थळावर पुट्टडी आणि बोडिनायकनूरच्या ताज्या लिलावाचा सरासरी भाव बघा. तो लहान-मोठ्या मालाचा मिळून असतो. आठ मिलिमीटरच्या टपोऱ्या वेलदोड्याला जास्त पडणारच. पण दुकानदार दुप्पट सांगत असेल, तर नमस्कार करून निघा.

पहिल्या खेपेला मी हिरव्याकंच रंगाला भुललो. घरी आल्यावर ओल्या कापसावर एक वेलदोडा चोळला, तर कापूस हिरवा झाला. आता ही परीक्षा मी दुकानातच करतो. एक वेलदोडा फोडूनही बघतो : दाणे काळे, चिकट हवेत, सुरकुतलेले, तपकिरी नकोत. लवंगेची परीक्षा पाण्यात : तेल काढून घेतलेली तरंगते, चांगली बुडते. दालचिनीची पातळ पापुद्र्यांची गुंडाळी खरी. जाड, टणक साल म्हणजे कॅशिया.

मिरी घ्यायची तर जानेवारी-फेब्रुवारीत जा. अंगणाअंगणांत ती चटयांवर वाळत असते आणि दोन घरं विचारली की भाव कळतो.

दोघांचा हिशेब, तीन रात्री

- थर्ड एसीने जाऊन-येऊन : ७,४००
- बस : ८००
- खोली : ४,५००
- जेवण : ३,०००
- रिक्षा : १,५००
- बोट, बाग, जंगलप्रवेश, एखादा कथकलीचा प्रयोग : १,८००

एकूण १९,००० रुपये. स्लीपरने गेलात तर साडेचौदा हजारांच्या आत. गाडीतलं खाणं वेगळं.

मसाल्याचा आकडा यात धरलेला नाही. तो घरूनच ठरवून न्या, आणि वर्षभरात घरात किती वेलदोडे लागतात हेही आठवून न्या. दोघांच्या घरात बहुधा शंभर ग्रॅमही संपत नाहीत. किलोभर आणलेत, तर पुढच्या पाडव्याला डबा भरलेला असेल, वास मात्र उडालेला.